परकराखालचा पाय

चौगुले अण्णांच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "अण्णांना माणसांपेक्षा प्राण्यांचा लळा जास्त. म्हणून तर जन्मभर हत्ती, माकडं आणि बेडूक काढत राहिले." सभागृहातल्या लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या बेंगळुरूतल्या एका संस्थेचा चित्रविभाग मी निवृत्त होईपर्यंत सांभाळला आणि अण्णांना पुस्तकाचं पहिलं काम मीच दिलं, म्हणून मला मानाने पुढे बसवलं होतं. वक्त्यांचं म्हणणं साफ चूक होतं. ते चूक आहे हे सांगू शकणारा तिथे मी एकटाच होतो. मीही मान डोलावली.

सभा संपल्यावर अण्णांची मुलगी शकू काठी टेकत जवळ आली. पन्नाशी ओलांडलेली, बँकेत अधिकारी असलेली बाई. म्हणाली, "बरोबर बोलले ना ते, काका? माणसं त्यांना आवडायचीच नाहीत. मी तर नाहीच नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जुनी, ठरून गेलेली गोष्ट सांगावी तशी ती बोलली. मी "चल, येतो गं" म्हणून बाहेर पडलो.

माझ्या धंद्याची थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमची संस्था एकच चित्रपुस्तक सात-आठ भाषांत काढायची. रंगीत छपाई महाग, म्हणून चित्रं सगळ्या भाषांसाठी एकदमच छापून घ्यायची. मग त्या कागदांचे गठ्ठे वेगळे करायचे आणि एकावर कन्नड मजकूर, दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर तेलुगू असा काळ्या शाईत चढवायचा. गोष्टीची भाषा बदलली तरी चित्र तेच. त्यामुळे चित्रात असं काही चालत नसे की ज्यावरून गाव ओळखू येईल. आमच्या पुस्तकांतल्या दुकानांच्या पाट्या कोऱ्या असत. बसवर अक्षर नसे. म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी घालावी की पागोटं, यावर बैठका होत आणि शेवटी म्हातारा बोडकाच राही. साडी कशी नेसवायची हा प्रश्न आला की आम्ही बाईला कट्ट्याआड उभी करत असू. हत्तीला मात्र ना जात, ना टोपी. तो सगळ्या राज्यांत चालतो. मुलांच्या पुस्तकांत प्राण्यांची एवढी गर्दी का, याची कारणं विद्वान लोक बरीच देतात. आमच्याकडे तरी एवढंच कारण होतं.

चित्रकाराकडून आलेल्या चित्रांत असे बदल करणं हे माझं काम. बारीक ब्रश, पोस्टर रंग आणि स्थिर हात. हात माझा चांगलाच स्थिर होता. जोड कुठे आहे ते चित्रकारालाही सापडत नसे. एकदा एका पुस्तकात आजोबा आरामखुर्चीत झोपलेले होते. धारवाडकडच्या एका मुख्याध्यापकांनी प्रती परत पाठवल्या. म्हणाले, पोरं म्हणतायत आजोबा वारले, आणि पहिलीतली दोघं रडलीसुद्धा. पुढच्या आवृत्तीत मी आजोबांचे डोळे उघडले. खाली मजकूर तोच, 'आजोबा गाढ झोपले होते'. त्यावर मात्र एकही तक्रार आली नाही. हा किस्सा मी कितीतरी ठिकाणी सांगितला आहे आणि दर वेळी लोक हसले आहेत. पुढचा कधी सांगितला नाही.

मारुती चौगुले मूळचे निपाणीकडचे. बेंगळुरूच्या पीण्या या कारखानदारीच्या भागात एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे आणि रविवारी चित्रं. सगळे त्यांना अण्णा म्हणत, त्यांची मुलगीसुद्धा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, तरी मला ते शेवटपर्यंत 'साहेब' म्हणाले. मी त्यांना एक गोष्ट दिली. गिरजा नावाची मुलगी शेजारणीचा हरवलेला कोंबडा काखेत मारून गल्लोगल्ली हिंडते आणि हा कुणाचा म्हणून विचारत सुटते, एवढीच गोष्ट. अण्णांनी चित्रं आणून माझ्या टेबलावर ठेवली, आणि मला खरंच उठून उभं राहावंसं वाटलं. एवढी जिवंत मुलगी आमच्या पुस्तकांत तोवर आली नव्हती. ओठ चावून जिना चढणारी. कोंबडा निसटला की आधी त्याच्यावर आणि मग स्वतःवर चिडणारी.

ती शकू होती. तेव्हा नऊ-दहा वर्षांची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. अण्णांनी तिला अंगणात येरझारा घालायला लावून चित्रं काढली होती. म्हणून चित्रातल्या गिरजालाही आखूड फ्रॉक होता आणि डाव्या पायाला तोच बूट.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. तो बूट काढून टाका असं मला कुणीही सांगितलं नाही. पुढे कधी विषय निघालाच तर मी 'वरून सांगितलं होतं' असं मोघम म्हणत आलो. ते खोटं आहे. संस्थेच्या मालकांनी ती चित्रं पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्या कामात एक नियम असतो: चित्रात जे दिसतं त्याचा पत्ता गोष्टीत असला पाहिजे, नाहीतर मूल तिथेच अडकतं. मी स्वतःला हा नियम सांगितला. मुलं विचारतील, हिच्या पायाला काय झालं? गोष्टीत उत्तर नाही. नियम खोटा नव्हता. पण त्याच्याखाली दुसराही विचार होता: शाळांसाठी पुस्तकं निवडणारे लोक असली मुलगी मुखपृष्ठावर बघून पुस्तक बाजूला ठेवतील. त्यांनी तसं केलंच असतं असंही नाही. मी त्यांच्या आधीच त्यांचं काम करून ठेवलं.

घरी नेऊन मी एकेका चित्रात फ्रॉकच्या कमरेपासून घोट्यापर्यंत नवा रंग चढवला. डाळिंबी रंगाचा परकर. खाली बारीक काठ. काठाला घड्या पाडल्या, वाऱ्याने उडाल्यासारखं एक टोक वर उचललं. काम फार सुरेख झालं. मी खूश होतो, हेही लिहून ठेवतो.

छापील प्रत आली तेव्हा अण्णा माझ्या खोलीत आले. पानं सावकाश उलटली. शेवटचं पान झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"हिला थंडी वाजत हुती काय साहेब? पाय झाकलासा म्हणून इचारतो."

मी नियम समजावला. गोष्टीत पायाचा उल्लेख नाही वगैरे.

"सरी, बरं," ते म्हणाले. "म्हंजे गोष्टीत न्हाई तर पाय बी न्हाई."

"अण्णा, पुढच्या आवृत्तीत बघू काहीतरी."

"बघा की. तुमचंच पुस्तक हाय." पुस्तक पिशवीत न घालता टेबलावर ठेवून ते गेले. मूळ चित्रं परत न्यायलाही कधी आले नाहीत.

पुस्तक तुफान चाललं. माझ्या एक लक्षात आलं नव्हतं. बूट झाकला तरी चालणं झाकलं गेलं नव्हतं. अण्णांनी शकूचं शरीर जसंच्या तसं उतरवलं होतं: एका बाजूला कललेली कंबर, उचललेला खांदा, मांडीवर दाबलेला तळवा. कारण दिसेनासं झाल्यावर तेच चालणं लोकांना नाच वाटायला लागलं. एका परीक्षणात तर 'गिरजाच्या पावलांतली अवखळ लय' असं लिहून आलं. मी ते कात्रण काचेखाली ठेवलं होतं.

मग एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गिरजाची गोष्ट नाचून दाखवायचं ठरलं. मालक, मी, अण्णा आणि शकू असे आम्ही पुढच्या रांगेत. कारखान्यात तेव्हा टाळेबंदी होती आणि मालकांनी नुकतंच, पडदा उघडायच्या आधी, पुढची तीन पुस्तकं अण्णांची असं जाहीर केलं होतं. पडदा उघडला. डाळिंबी परकर नेसलेल्या आठ-दहा मुली काखेत पुठ्ठ्याचे कोंबडे घेऊन आल्या. एक पाऊल सरळ, एक पाऊल वाकडं. कंबर कलती, खांदा वर, हात मांडीवर. ढोलकीच्या ठेक्यावर सगळ्याजणी एकदम. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

शकू माझ्या आणि अण्णांच्या मधे होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "ह्या माझ्यासारख्या चालतायत."

तिने अण्णांची बाही ओढली.

"माझी नक्कल करतायत?"

"नक्कल न्हाई गं. गिरजाचा नाच हाय."

कार्यक्रम संपल्यावर शाळेने प्रत्येक पाहुण्याला पुस्तक दिलं. शकूने ते तोवर पाहिलं नव्हतं. अण्णांनी घरी आणलंच नव्हतं. तिने तिथल्या तिथे उभ्याने सगळी पानं पाहिली आणि मोठ्याने विचारलं, "गिरजा मी आहे ना? मग माझा बूट कुठाय? मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय, पुस्तकात माझा बूट येणार म्हणून."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. शाळेच्या बाई हसू सांभाळत उभ्या. मालक माझ्याकडे बघत होते. अण्णांनी तोंड उघडलं, आणि ते काय बोलतील या भीतीने मी आधी बोललो.

"अगं, तुझ्या अण्णांनीच झाकला तो! म्हणाले, आमची शकू परकरात जास्त छान दिसते."

सगळे हसले. सुटल्यासारखे. मालकांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग शकूकडे. तीही त्यांच्याचकडे बघत होती. त्यांनी नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मालकांचा हात अजून त्यांच्या पाठीवर होता, आणि कारखान्यात टाळेबंदी होती. अण्णा खाली बघत राहिले.

शकूने पुस्तक मिटून शाळेच्या बाईंच्या हातात परत दिलं.

त्यानंतर अण्णांनी माणूस काढला नाही. मी गोष्टी पाठवायचो. मूल असलेली गोष्ट परत यायची. वर चिठ्ठी नाही, निरोप नाही. प्राण्यांची ठेवून घ्यायचे. हत्ती काढले, माकडं काढली. त्यांच्या बेडकांना तर परराज्यांतूनही दाद आली. मला ते सोयीचंच होतं. बेडकाला कुणी परकर नेसवायला लागत नाही. पुढे लोक त्यांना प्राण्यांचे चित्रकार म्हणायला लागले, आणि त्यांच्या प्राणिप्रेमावर एका वार्षिकात मी स्वतः दोन पानं लिहून दिली.

एकदा मी विषय काढला होता. त्यांची बायको गेली त्या वर्षी. भेटायला गेलो तर शकू स्वयंपाकघरातून चहा आणून ठेवून निघून गेली. वडिलांशी एक शब्द बोलली नाही. मी हळूच म्हणालो, "अण्णा, शकूला सांगू का एकदा, त्या परकराचं?"

"काय सांगनार साहेब?" ते म्हणाले. "तुम्ही बोललासा, मी ऐकून घेतलं. निम्मं तुमचं, निम्मं माझं. तुमचं निम्मं सांगितलासा तर माझं उरतंयच की."

मी चहा संपवून निघालो. त्यांना सांगायचं नाही म्हणून मी सांगत नाही, असं स्वतःला बजावत राहिलो. पुढची सगळी वर्षं ते वाक्य मला पुरलं. अण्णा शेवटी पीण्याजवळ एका खोलीत एकटे राहायचे. दृष्टी कमी झाली होती. शकू महिन्यातून एकदा औषधं आणून द्यायची आणि दारातूनच परत जायची, असं शेजारचे सांगत. मी हे ऐकलं होतं आणि तरीही विमानतळाच्या वाटेवर येलहंक्याला तिच्या घरी गेलो नाही.

शोकसभेनंतर गेलो. सकाळची वेळ होती. तिने बसा म्हटलं, पाणी दिलं. मी आडवळणं न घेता सांगितलं: बूट मी झाकला. कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांना पुस्तक छापून आल्यावर कळलं. स्नेहसंमेलनात मी जे बोललो ते मी तिथल्या तिथे रचलं होतं.

तिने मला मधे अडवलं नाही. माझं झाल्यावर उठून खिडकी लावली, कारण वरून विमान जात होतं. तिथे ती सारखी जातात.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?"

मी अण्णांचं निम्म्याचं वाक्य सांगितलं.

"निम्मं," ती म्हणाली. "हिशेब बरा केलात दोघांनी. माझ्या वाट्याला काय आलं मग?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"काका, लोक मला विचारायचे, अण्णांना तुझ्याकडे का नाही ठेवत? मी सांगायचे, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यांना जिने जमणार नाहीत. माझेच पाय असले, त्यात त्यांचं कोण करणार." ती दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "तुम्ही आत्ता कसे आलात वर?"

"लिफ्टने."

"हं. लिफ्ट आहे आमच्याकडे."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही. दुसरी झाली तेव्हा जाऊन गॅस बंद करून आली.

"मूळ चित्रं कुठे आहेत?"

संस्था जागा बदलत होती तेव्हा जुनी चित्रं रद्दीत चालली होती. त्यातलं गिरजाचं पाकीट मी घरी आणलं होतं. त्या दिवशी बरोबर नेलं होतं. तिने जेवणाच्या टेबलावर चित्रं पसरली. अक्षर नसलेली, स्वच्छ. डाळिंबी रंग जराही उतरला नव्हता.

"वर रंग लावलाय ना? मग खाली असेल तो. निघेल की."

मी म्हणालो, "शकू, पोस्टर रंग आहे. पाण्याने निघतो. पण अण्णांचाही पोस्टर रंगच होता."

"स्वल्प बघू तरी."

कापूस आणि वाटीत पाणी घेऊन ती बसली. गिरजा जिना चढतेय ते चित्र तिने निवडलं. परकराच्या कडेला कापूस टेकवला आणि हलकेच फिरवला. मला तिला थांबवता आलं असतं. काय होणार ते मला माहीत होतं, तो माझा धंदा. पण या बाबतीत पुन्हा तिच्या मधे हात घालायचा मला धीर झाला नाही. डाळिंबी रंग कापसावर आला. मग खालून राखाडी दिसायला लागलं, एका पट्टीची सरळ कड क्षणभर दिसली. "हे बघा, हे बघा," ती म्हणाली, अगदी लहान मुलीसारखी. तिने कापूस बदलला, पुन्हा फिरवला. राखाडीही कापसावर आलं. मग तपकिरी. मग काही नाही. खाली कागद होता, पाण्याने फुगलेला.

तिने कापूस वाटीत टाकला. बाकीची चित्रं गोळा करून पाकिटात घातली आणि पाकीट स्वतःकडे ठेवून घेतलं.

"तुम्ही पाहिलं होतं ना ते आधी? सगळं?"

"हो."

"आता फक्त तुम्हीच पाहिलेलं आहे. लिहून द्या. माफी-बिफी नको, ती सगळेच मागतात. अण्णांनी काय काढलं होतं तेवढं लिहा. आणि छापायला द्या, मला वाचायचंय."

निघताना दारात ती म्हणाली, "परत येऊ नका असं नाही म्हणत मी. फोन करून या."

म्हणून हे लिहिलं. जे तिने मागितलं ते आता लिहितो.

जिना दगडी होता. गिरजा तिसऱ्या पायरीवर, कोंबडा डाव्या काखेत. पिवळा आखूड फ्रॉक, गुडघ्याच्या वर. उजवा पाय वरच्या पायरीवर पोचलेला आणि डावा अजून खालीच, मागे. त्या डाव्या पायाच्या दोन्ही अंगांना दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, तिथे एक स्क्रू. स्क्रूच्या डोक्यावरची खाचसुद्धा अण्णांनी काढली होती. ते यंत्रांचे आराखडे काढणारे होते. मांडीला चामड्याचा पट्टा, त्याला बक्कल, आणि पट्ट्याला मूळच्या भोकांखेरीज एक नवीन भोक, हाताने पाडलेलं, जरा तिरकं, कारण मुलगी वाढत होती. बूट तपकिरी, टाच जाड, पुढून झिजलेला. एक नाडी सुटलेली. पट्टीवर ऊन पडलं होतं आणि त्या उजेडासाठी अण्णांनी तिथला कागद कोरा ठेवला होता, बोटभर. गिरजा खाली पायाकडे बघत नव्हती. ती वर, जिना संपतो तिकडे बघत होती, आणि तिचा चेहरा चिडलेला होता.